पहिली काळी भाजी

“पाह्य वरते.”

एवढंच म्हणायची, आणि समोरची पोरगी काही विचारायच्या आत तिच्या डोळ्याखाली अंगठा टेकवून खालची पापणी ओढायची. अंगठा मेथीनं हिरवा झालेला, नखांत काळी माती. पोरगी बिचारी आभाळाकडे बघत उभी. शाळेतली असो, कॉलेजातली असो, नाहीतर कडेवर लेकरू घेतलेली असो. मावशी पापणीच्या आतल्या कडेची लाली नीट बघायची आणि निकाल द्यायची. “शेंदूर नाई.” किंवा, “हाय थोडासाक.” आणि फार क्वचित, “हां! याले म्हनते शेंदूर.” मग पापणी सोडून भाजीच्या जुडीला हात घालायची.

तुम्ही पुण्या-मुंबईकडचे असाल तर तुम्हाला वाटेल बाई भांडते आहे. भांडत नव्हती. आमच्याकडे माया अशीच करतात.

अकोल्याच्या जुन्या शहरात माझं भांड्याचं दुकान आहे. मोर्णेचा पूल ओलांडून आत आलात की तिसऱ्या गल्लीत. दुकानासमोर एक पिठाची गिरणी होती, ती बंद पडली, पायरी तेवढी उरली. त्या पायरीवर मावशी रोज सकाळी ओलं पोतं अंथरून बसायची. तिचं नाव मला ठाऊक होतं, पण गल्लीत ते कोणी वापरत नसे, तेव्हा मीही इथं वापरत नाही. शहराबाहेर तिच्या घरची थोडी जमीन होती, तिथं भाजी पिकवायची आणि इथं आणून विकायची. पालेभाजीशिवाय काही ठेवत नसे. पालक, मेथी, चिवळ, घोळ, तरोटा, शेवग्याचा कोवळा पाला, आणि दिवस असले की अंबाडी. टमाटे मागितले तर म्हणायची, “लाल टमाटे खाऊन कोनी लाल होत नाई बाई. पाला खाय.”

जुडीबरोबर ती एक लिंबू द्यायची. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी द्यायची. “निंबू पिळल्याबिगर भाजीतलं लोखंड आंगी लागत नाई. नुसतं पोटातून फिरून येते.” हे तिला कधीतरी दवाखान्यातल्या एका नर्सबाईनं सांगितलं होतं, आणि तिनं ते पदराला गाठ मारून ठेवलं होतं. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण पालेभाजीत लोखंड असतं, ते रक्तात जातं, आणि रक्त कमी झालं की बाई आधी पांढरी पडते आणि मग आडवी पडते, एवढं शास्त्र तिला पक्कं माहीत होतं. माझ्यासारख्या बी. कॉम. झालेल्या माणसाला नव्हतं.

तिचा मोठा शत्रू चहा. म्हणजे चहा नव्हे, जेवणावरचा चहा. मी दुकानातच डबा खातो, आणि डबा झाकला की मला चहा लागतो. कोपऱ्यावरचा चहावाला ग्लास ठेवून जायचा, मी उचलायचो, आणि रस्त्यापलीकडून आवाज यायचा.

“भाऊ! आताच जेवले ना? खाल्लेलं सारं धुऊन काढता काय?”

“मावशी, मी काय बाळंतीण आहो का?”

“मानूस त आहा ना? आंगात रगत हाय ना? मंग! घंटाभरानं प्या.”

भर रस्त्यात, चार गिऱ्हाइकांच्या देखत. मी शेवटी शेवटी स्टीलच्या डब्यांच्या उतरंडीमागे तोंड घालून चहा प्यायला लागलो. आपल्याच दुकानात, चोरासारखा! तिला तेही कळायचं. “डब्यामांगं कोन हाय थे दिसून राह्यलं मले,” म्हणायची.

आता कढईचं सांगतो.

गल्लीतल्या किंवा तिच्या गिऱ्हाइकांतल्या कोण्या पोरीचं लग्न ठरलं की मावशी माझ्या दुकानात यायची आणि लोखंडी कढई मागायची. माझं दुकान स्टीलचं, पितळेचं, पुढं नॉनस्टिकचं. लोखंडाच्या कढया मी मागच्या खोलीत ठेवायचो, हलवायांसाठी. ती आत जाऊन एकेक उचलायची, बोटाच्या पेरानं वाजवायची, नाकाशी नेऊन वास घ्यायची, आणि एक काढून आणायची. पहिल्यांदा आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे नाव टाकायचं मशीन हातात घेतलं. आमच्याकडे भेटीच्या भांड्यावर नाव टाकलंच पाहिजे, कोणाकडून कोणाला ते. नाव नसलेलं भांडं म्हणजे आहेर कसला?

“काय टाकू मावशी?”

“नाव टाकू नोका. नाव टाकलं का भांडं शोकेसमंदी जाऊन बसते. अन् शोकेसमंदी बसलं का कोनाच्या पोटात जात नाई.”

त्यापुढची गंमत अशी की ती कढई ती तशी द्यायचीच नाही. आठ दिवस आपल्या घरी न्यायची. वाळूनं घासायची, तेल पुसायची, चुलीवर तापवायची, त्यात कांद्याची टरफलं परतायची, पुन्हा तेल, पुन्हा चूल. नवं लोखंड भाजीला धरतं, गंज सोडतं, म्हणून मुरवून द्यायची. आठ दिवसांनी ती कढई अशी काळीकुळकुळीत व्हायची की विचारू नका. आणि ती घेऊन मावशी लग्नाला हजर! नवरीची आई ते बघून गार. एकतर लोखंड. लोखंड शनीचं, मंगलकार्यात कोण देतं ते? आणि वरून वापरलेलं! एक बाई तर माझ्याशीच भांडायला आली होती, तुमच्या भाजीवालीनं माझ्या पोरीला जुनी कढई दिली म्हणून. मी शपथेवर सांगितलं की बाई, नवी आहे, माझ्याच दुकानातली आहे, तिनं मेहनतीनं जुनी केली आहे. त्या बाईचा विश्वास काही बसला नाही.

शनीवर मात्र मावशीकडे तोड होती. लोखंड फुकट घेऊ नये म्हणतात, त्याच्या बदल्यात काहीतरी द्यावं, म्हणजे पीडा लागत नाही. तर मावशी नवरीलाच सांगायची, “हे फुकट नाई देत मी तुले. याच्यात आंबाडीची भाजी करजो. लोखंडात आंबट शिजलं का कायं होते, भेऊ नोको. थे पह्यली कायी भाजी मले चारजो. झाली बदली. मंग शनी बी तुह्या वाट्याले येत नाई.”

आणि खरंच पोरी तिला बोलवायच्या. कोणी तिच्या घरी डबा घेऊन यायची, कोणी पायरीवरच आणून द्यायची. ती तिथंच पोत्यावर मांडी घालून भाकरीशी ती काळी भाजी खायची, आणि खाता खाता त्या पोरीला म्हणायची, “पाह्य वरते.”

मी हे सगळं समोर बसून बघत होतो. हसत होतो. आपल्या घरचं प्रकरण आलं की माणसाचं हसू जातं.

माझी पोरगी पल्लवी बारावीत असताना तिच्या दप्तरात पाटीवरच्या पेन्सिली सापडल्या. एक-दोन नाही, पुडाच. घरात पाटी नाही, शिकवण्या घेत नाही, मग पेन्सिली कशाला? बायकोनं दरडावून विचारलं तेव्हा कळलं, पोरगी पेन्सिली खाते. कुडूम कुडूम चावून खाते. मी भडकलो. एवढी घोडी झाली, खडू-पेन्सिली खाते, लोक काय म्हणतील? दुकानात उभं करून मी तिला बोललो, तेही मोठ्यानं. माझा आवाज बारीक नाही.

मावशी रस्ता ओलांडून आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोरीची हनुवटी धरली. “पाह्य वरते.” पापणी ओढली आणि मलाच म्हणाली, “इकडं या. पाहा.”

मी वाकून बघितलं. पापणीच्या आत लाल असायला हवं तिथं भिजवलेल्या तांदळाचा रंग होता.

“मारलं त नाई ना तिले?” तिनं विचारलं.

“नाही. बोललो फक्त.”

मग ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि तिनं एक गोष्ट सांगितली. एकदाच सांगितली, त्यानंतर कधी नाही. “माह्या लहान्या बह्यनीले माती खायाची सवय होती. माहेरी, भातकुली गावाले. चुलीची भाजकी माती, भितीचे पोपडे. माय तिले मारे. मी बी मारलं. तिचं आंगच मांगत होतं भाऊ, आंगात लोखंड नाई म्हनून जीव मातीवर जाये. आमाले काय समजते! लग्न झालं, पह्यल्या बायतपनात गेली. डॉक्टरीनबाई म्हने, पोरीच्या आंगात रगतच नोतं, थे कुठून जगते?” तिनं पदर सारखा केला. “मार खाल्ला तिनं. भाजी नाई खाल्ली.”

पल्लवीला डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, आणि समोरून रोज एक जुडी अन् एक लिंबू घरी यायला लागलं. काही महिन्यांत पेन्सिली सुटल्या. पोरीच्या पायात जीव आला, जिना एका दमात चढायला लागली. मावशीनं एके दिवशी तिची पापणी ओढून “हां!” केलं, तेव्हा पल्लवी मिठाई वाटल्यासारखी ते गल्लीभर सांगत फिरली.

आता एवढं झाल्यावर माणसानं शहाणं व्हावं की नाही? सांगतो मी किती शहाणा झालो ते.

काही वर्षांनी पल्लवीचं लग्न ठरलं. घर अमरावतीचं, जावई नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात नोकरीला, माणसं चांगली. मी भांडेवाला, एकुलती एक पोर, तेव्हा रुखवत कसं पाहिजे? जिल्ह्यात बोलबाला झाला पाहिजे! पितळेचे हंडे, तांब्याची घंगाळी, स्टीलचे सेट, सगळ्यांवर वळणदार अक्षरात नाव. आणि लग्नाच्या दोन दिवस आधी मावशी कढई घेऊन आली. आठ दिवस मुरवलेली, काळी, तेलानं चकाकणारी. पल्लवीनं ती छातीशी धरली. तिनं कढई आईकडे दिली, आईनं माझ्याकडे.

आणि मी काय केलं? दुकानात सोनेरी स्प्रेचा डबा होता. मी त्या कढईला आतून-बाहेरून सोनेरी रंग मारला. दोन हात मारले. वाळल्यावर आत सॅटिनचे गुलाब भरले आणि रुखवतात बरोबर मधोमध मांडली. मला वाटलं, वा! मावशीचा मानही राहिला, आपली अब्रूही राहिली, शनीही झाकला गेला. असं डोकं फक्त भांडेवाल्याचं चालतं.

मावशी मांडवात आली. नवी साडी नेसलेली, डोक्यावर पदर. रुखवतासमोर उभी राहिली. बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं आता बोलणार. ती एवढंच म्हणाली, “कढई हाय काय थे? मले वाटलं मंदिराचा कयस हाय.” आणि जेवायला बसली.

लग्नानंतर दीड वर्षानं पल्लवीला दिवस गेले. सहावा महिना लागला, आणि एका दुपारी जावयाचा फोन आला. रक्त तपासलं, सातला टेकलं आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, लोहाचं सलाईन लावावं लागेल, वाढलं नाही तर रक्त चढवावं लागेल, बाळंतपण जोखमीचं आहे. मला ती भातकुलीची पोरगी आठवली, जिला मी कधी पाहिलं नव्हतं.

मी समोर बघितलं. मावशी जुड्या बांधत होती. मी दुकान उघडं टाकून रस्ता ओलांडला आणि सांगितलं.

“कढई कोठी हाय?” तिनं विचारलं.

“मावशी, मी रक्ताचं सांगून राहिलो…”

“सलाईन लावू द्या. डॉक्टर सांगते थे सारं करा. कढई काही डॉक्टर नोय. पन सलाईन दोन-चार वेळा, अन् जेवन रोज. कढई कोठी हाय?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस. टी.नं आम्ही दोघं अमरावतीला गेलो. तिच्या मांडीवर अंबाडीच्या जुड्यांचं गाठोडं, सबंध गाडीभर आंबूस वास. वाटभर मीच बोलत होतो, भीतीनं.

व्याह्यांच्या बैठकीत शिरलो. समोरच्या भिंतीवर, टीव्हीच्या वर, सोनेरी कढई टांगलेली होती. आत माझेच सॅटिनचे गुलाब. विहीणबाई कौतुकानं म्हणाल्या, “तुमच्याकडची ही कढई इतकी आवडली, आलागेला विचारतो.” मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पल्लवी आतून आली. पांढरी. ओठसुद्धा पांढरे. मावशीनं पापणीही ओढली नाही, नुसतं बघितलं. तेवढ्यात विहीणबाईंनी सुनेसाठी चहा आणला आणि तळहातावर लोहाची गोळी. “हिला पाण्यासोबत मळमळते, म्हणून चहासोबत देते,” म्हणाल्या. अहो, त्या मायेनंच देत होत्या. गोळी वेळेवर, न चुकता, रोज, आणि रोज चहाबरोबर! मावशी इतक्या जोरात ओरडली की चहा बशीत सांडला.

“चहासंगं? बाई, गोयीचं मातेरं करून राह्यल्या तुमी!”

विहीणबाईंचा चेहरा पडला. पहिल्यांदा घरी आलेल्या बाईनं, तीही भाजीवाली, असं तोंडावर बोलावं? मावशीच्याही ते लक्षात आलं. तिनं हात जोडले. “रागाऊ नोका. माहा आवाजच असा हाय. चहा मी घेते तुमच्या हातचा, जेवल्यावर लय वेळानं घेते. पोरीले गोयी निंबाच्या पान्यासंगं द्या. मयमय होते त रात्री जेवल्यावर द्या, डॉक्टरीनबाईले विचारून.”

मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे बोट केलं. “काढा.”

मी स्टुलावर चढून कढई काढली. गुलाब टीपॉयवर ठेवले. मागच्या अंगणात तीन विटा मांडून तिनं विस्तव केला आणि कढई पालथी टाकली. सोनेरी रंगाला फोड आले, काळा घाणेरडा धूर निघाला, पापुद्रे उडाले. शेजारच्या गच्चीवरून लोक डोकावून बघायला लागले. थंड झाल्यावर ती विटेच्या तुकड्यानं आणि वाळूनं घासत बसली. मी म्हटलं, मी घासतो. “घासा,” म्हणाली, आणि माझ्या हातात वीट दिली. माझी बोटं सोलली. ती पाणी टाकत होती आणि पुन्हा पुन्हा बोट फिरवून बघत होती. “इतलासा रंग बी लेकीच्या पोटात गेला नाई पाह्यजे.” एकदाही म्हणाली नाही की रंग तुम्हीच दिला होता. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मग पुन्हा तेल, पुन्हा विस्तव, आणि संध्याकाळी अंबाडी शिजली. डांबरासारखी काळी. शिजल्याबरोबर तिनं ती दुसऱ्या भांड्यात काढली. कढईत भाजी ठेवू नये, चव बिघडते. वरून लसणाची फोडणी. विहीणबाई वाकून बघत म्हणाल्या, “आमच्याकडे भाजी हिरवी लागते.”

“हिरवी तुमी खा. कायी पोरीले द्या,” मावशी म्हणाली, आणि एकदम पुढं होऊन, “पाह्य वरते,” करून तिनं विहीणबाईंची पापणी ओढली! मी डोळेच मिटून घेतले. “बाई, तुमाले बी शेंदूर नाई. तुमी बी कायीच खा.” आणि विहीणबाई हसायला लागल्या, इतक्या हसल्या की डोळ्याला पदर लावावा लागला. त्या रात्री त्या घरात सगळ्यांनी काळी भाजी खाल्ली.

मावशीनं मात्र खाल्ली नाही. पल्लवीनं ताट वाढलं, म्हणाली, “मावशी, पहिली काळी भाजी. तुमची बदली.”

“आज नाई. आज सारी तुह्या पोटात जाऊ दे. बायतीन होय, पोट्टं मांडीवर घे, सवा महिन्यानं चुलीपाशी जाय, तवा आपल्या हातानं करून मले चारजो. तोवर मी वाट पाह्यते.” भाकरी तिनं ठेच्याशी खाल्ली. मला तेव्हा कळलं की ती जेवण सोडत नव्हती, नवस बोलत होती.

सातव्या महिन्यात पल्लवी अकोल्याला आली, कढई बरोबर घेऊन. सलाईनं लागली, गोळ्या चालू राहिल्या, लिंबाच्या पाण्याबरोबर. समोरून रोज जुडी. सात, मग आठ, मग नऊच्या वर. दर वेळी कागद आला की मी रस्ता ओलांडून आकडा सांगायचो आणि मावशी म्हणायची, “कागद ठेवा घरी. पोरीले पाठवा.” पापणी ओढून स्वतः बघितल्याशिवाय तिचा कागदावर विश्वास नव्हता.

मुलगी झाली. दोघी धडधाकट. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात लहान पोरासारखा रडलो, लाज नाही वाटली. बारशाला मावशी आली. तिनं अंगठा आधी पदराला खसखसून पुसला, मग पाण्यानं धुतला, मग पुन्हा पुसला, आणि माझ्या नातीच्या डोळ्याखाली अगदी हलका टेकवला. “माय व! हा शेंदूर!” म्हणाली, आणि तिचेच डोळे भरले.

सवा महिना झाला. मंगळवारी सकाळी पल्लवी म्हणाली, “बाबा, आज अंबाडी करते. मावशीला बोलावून आणा.”

मी म्हटलं, “अशी कशी, नुसती भाजी-भाकर? रविवारी करू. व्याही येतील, पुरण घालू, मावशीला साडीचोळी करू, पाटावर बसवू. थाटात करू.” पल्लवी म्हणाली, त्यांना थाट नको बाबा. मी ऐकलं नाही. समोर जाऊन रविवारचं आवतन देऊन आलो. मावशी म्हणाली, “रविवार काहून? भाजी त आज बी हाय.” मी म्हटलं, “मावशी, माझी हौस आहे.” ती हसली. “बरं बाप्पा, तुमची हौस.”

गुरुवारी पहाटे ती वावरात अंबाडी खुडत होती. खुडता खुडता बांधावर टेकली. तिच्या मुलाला वाटलं, दम खाते आहे.

त्या दिवशी मी दुकान उघडलं नाही.

एका कढईला मी दोनदा सोनेरी रंग दिला. पहिला विटेनं घासून निघाला. दुसरा कशानं काढू?

दहाव्या दिवशी मोर्णेच्या काठावर पिंड ठेवले. मी गेलो होतो, पल्लवीही हट्टानं आली, नात आजीपाशी ठेवून. तिच्या हातात डबा होता. सकाळी उठून तिनं त्या कढईत अंबाडी केली होती. आमच्याकडे म्हणतात, गेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, मग घरच्यांनी हात जोडून म्हणायचं असतं, तुझं अमुक करू, तमुक करू. मी शब्द जुळवून ठेवले होते. कावळा अडणार, याची मला खात्री होती. तो अडला की मी पुढं होणार, डबा उघडणार, आणि सगळ्यांदेखत म्हणणार, मावशी, माझं चुकलं, ही घ्या तुमची पहिली काळी भाजी.

मुलानं पिंड ठेवला आणि तो चार पावलं मागं सरकला नाही तोच कावळा आला. आला, शिवला, घास घेऊन उडून गेला. लोक म्हणाले, भाग्याची बाई, काही मागं ठेवलं नाही तिनं.

मी तसाच उभा, डबा पल्लवीच्या हातात तसाच झाकलेला. तिचं काही अडलंच नव्हतं. पोरगी जगली, नातीच्या डोळ्यांत शेंदूर बघितला, तिथंच तिची भाजी तिला पोचली असेल. अडलं होतं ते माझं. ते बोलायलाही कावळ्यानं जागा ठेवली नाही.

परत येऊन आम्ही बापलेक गिरणीच्या पायरीवर बसलो. पोतं नव्हतं, दगड तापला होता. माझा चेहरा कसा झाला होता कोणास ठाऊक, पण पल्लवीनं माझी हनुवटी धरली, डोळ्याखाली अंगठा टेकवला आणि म्हणाली, “पाह्य वरते, बाबा.” मी वर पाहिलं. तिनं पापणी ओढली. “लाल आहे,” म्हणाली. “रडून लाल झालाय.” मग तीही रडायला लागली.

डबा उघडला. दोघांनी भाकरीशी खाल्ली. आंबट, काळी, जिभेवर लोखंडाची बारीकशी चव. लिंबू तिनं आठवणीनं आणलं होतं, ते पिळलं.

पल्लवी बाळापाशी घरी गेली, मी दुकान उघडलं. ते बघून चहावाला आला आणि रोजच्यासारखा ग्लास ठेवून गेला. मी ग्लास उचलला आणि सवयीनं समोर बघितलं. पायरीवर कोणी नव्हतं. कोणी ओरडलं नाही. डब्यांमागे लपायची आता काही गरज नव्हती. मी ग्लास खाली ठेवला आणि घड्याळात बघितलं. अजून तास व्हायचा होता.